कुंडीतली साखर

सिस्टर गीतांजलीनं बाबांचं बोट पुन्हा टोचलं, यंत्राकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. रक्तातली साखर वाढायला हवी होती. वाढली नव्हती.

“ग्लुकोजचं पाणी पूर्ण प्यालात ना काका?”

“पेलो ना,” बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी उठले, बसले, पुन्हा उठले. सकाळपासून माझं हेच चाललं होतं. मी राहते बडनेऱ्याला. बाबा, म्हणजे खुशालराव, तेल्हाऱ्याजवळ फुलशेती करतात. दिवाळीआधी त्यांना हार्ट अटॅक आला आणि हृदयाचा पुढचा भाग तेव्हापासून हलेनासा झाला. तो मेला असेल तर बायपास करून उपयोग नाही. जिवंत असेल तर करायलाच हवं, तेही लवकर. ते सांगणारं स्कॅन आज अमरावतीच्या या दवाखान्यात होतं. ‘शेवंतीचा तोडा होऊ दे, मंग पाहू’ म्हणत बाबांनी ते टाळत आणलं होतं. शेवटी भांडून मीच त्यांना गाडीत घातलं.

डॉक्टर रागिणींनी सकाळी समजावलं होतं. हृदयाचं पोट हातावर असतं. साठवण जवळजवळ नाहीच; आत्ता बनवायचं, आत्ता खर्च करायचं, पुढच्या ठोक्याला पुन्हा तेच. एरवी ते जास्त करून चरबी जाळतं, पण तिला प्राणवायू जास्त लागतो. रक्त कमी पडलं की जगलेला भाग हलणं सोडून देतो आणि थोड्याशा साखरेवर तग धरून बसतो. म्हणून आधी साखर पाजायची, मग साखरेसारखंच एक औषध टोचायचं. जिथे ते ओढलं जाईल तिथे जीव आहे. साखर न पाजता चित्र काढलं तर चांगला भागही काळाच दिसू शकतो.

ते औषध नागपूरहून गाडीनं येतं आणि त्याचा जोर तासातासाला उतरतो. आत जाड पेटीत औषध उतरत होतं आणि इथे बाबांची साखर चढत नव्हती.

“थोडं थांबून पुन्हा बघू,” डॉक्टर म्हणाल्या. “नाहीच चढली तर आज रद्द करावं लागेल. पुढची तारीख लवकर मिळायची नाही.”

बाबा पुन्हा यायचे नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. तिथल्या बाकाशेजारी क्रोटनची कुंडी होती. मी गाडी हलवायला खाली गेले तेव्हा बाबा ग्लास घेऊन याच बाकावर बसले होते. कुंडीतली माती ओली होती आणि तिच्यावर मुंग्या लागल्या होत्या. साध्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत. मी बोटावर माती घेऊन चाखली. हो, चाखली. गोड होती.

मी तशीच आत बाबांकडे गेले. “बाबा, ग्लास कुंडीत काहून ओतला?”

माझं डोकंच फिरलं. “मी इथं जीव टांगणीले लावून बसली, अन् तुमी झाडाले साखर पाजून राहिले?”

“गोड सोडलं हाय मी.”

“कवा?”

“तुही माय अकोल्याले दवाखान्यात होती तवा. बरी होऊन घरी आली का तिच्या हातचा शिरा खाईन, तवरोक गोड बंद, असं म्हटलं होतं.”

बाबा बिनसाखरेचा चहा पितात हे आम्ही सगळेच पाहत होतो. तब्येत जपतात म्हणून मी चार लोकांत त्यांचं कौतुक करायचे. आई अकोल्याहून आली होती ती शववाहिकेतून.

“आई आली होती ना घरी,” मी म्हणाले. बोलू नये ते बोलून गेले.

“तसं येनं नव्हतं म्हटलं मी.” बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं. “आता साखर तोंडाले लावली का संपलं, प्राजू. मंग ती नाईच येत.”

ग्लुकोजचा दुसरा ग्लास घेऊन आलेली सिस्टर दारात तशीच उभी राहिली. मला रडू येत होतं आणि संतापही. या माणसाला समजावून काही होत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

“ठीक हाय,” मी म्हणाले. “मंग मीही सोडलं. तुमी बरे होऊन घरी येईपर्यंत गोडाले हात लावनार नाई.”

बाबांनी झटकन मान वर केली. “असं बोलू नये.”

“बोलली.”

“मागं घे.”

“तुमाले घेता आलं का?”

मग त्यांनी सिस्टरपुढे हात केला. “द्या बाई.” डोळे मिटून त्यांनी एका दमात ग्लास रिकामा केला.

साखर चढली. उरलेलं औषध पुरेल की नाही या धास्तीनं मी नखं खात बसले. पुरलं. दुपारी डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. जिथे रक्त नीट पोचत नव्हतं, तो पुढचा भागही उजळला होता.

“मेलेला नाही,” त्या म्हणाल्या. “उपाशी आहे. रक्त पोचवलं तर हलू लागेल, अशी आशा आहे.”

बाबा कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत होते.

खाली कँटीनमध्ये माझ्यापुढे साखरेचा चहा आला. सवयीनं मी कप उचलला, ओठांशी नेला आणि खाली ठेवला. बाबांचं लक्ष होतंच. त्यांनी माझा कप स्वतःकडे ओढला आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितला.

“डॉक्टरले फोन लाव,” ते म्हणाले. “आपरेशनची तारीख माग.”

“अन् शेवंती?”

“राहू दे शेवंती. लवकरची माग. गोड सोडनं किती जड जाते, मले माहीत हाय.”