तिनं पाहिलेलं

दादा चाचणीच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पेपर सोपा गेलेल्या मुलाचं समाधान होतं, आणि मला भीती वाटली ती त्या समाधानाचीच.

आपल्या माणसाची नाडी आपण पाहू नये, हा आमच्या विभागाचा दंडक. म्हणून त्याची तपासणी आमच्या विभागप्रमुख सरांनी केली आणि मी, याच इमारतीत माणसांची मनं तपासून पोट भरणारी त्याची धाकटी बहीण, बाहेरच्या बाकावर नातेवाइकांसारखी बसून राहिले.

दादा क्रेन चालवतो. उंच मनोऱ्यावरच्या काचेच्या खोलीत दिवसभर एकटा बसून लोखंड, विटा, सिमेंट वर घेतो. वहिनी गेल्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी सळयांचा भारा हवेत असताना त्याचा हात थांबला. खाली माणसं काम करत होती. वायरलेसवर मुकादम ओरडत राहिला आणि भारा त्यांच्या डोक्यांवर तसाच लोंबकळत राहिला. नंतर विचारलं तर म्हणाला, "वाऱ्याचा अंदाज घेत होतो." त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं. मालकांनी कळवलं, मानसिक तपासणीचा अहवाल चांगला आला तरच पुन्हा वर जाता येईल.

तपासणीचे दोन भाग असतात. पहिल्यात माणूस स्वतःविषयी सांगतो: शेकडो वाक्यं, आणि प्रत्येकापुढं बरोबर किंवा चूक. दुसऱ्यात त्याच्यासमोर शाईच्या डागांची कार्डं एकेक करून ठेवायची आणि विचारायचं, हे काय असू शकेल? पहिल्या भागात माणूस आपलं निवडलेलं छायाचित्र हाती देतो. दुसऱ्यात तो नकळत चालून दाखवतो. दोन्ही शेजारी मांडायची आणि जिथं ती जुळत नाहीत तिथं थांबायचं. आमची सगळी विद्या त्या थांबण्यात आहे.

"चल, चहा पाज डॉक्टरीणबाई," दादा म्हणाला. "भावाला पार पिळून काढलं तुमच्या सरांनी."

कॅन्टीनमध्ये मी काही विचारणार नव्हते. तोच बोलत सुटला.

"वाक्यांचं काय गं, हो-नाही करायचं. झोप लागते? लागते. रडू येतं? नाही येत. लोकांत मिसळावंसं वाटतं? त्याला मात्र नाही म्हटलं, सगळंच गोड कशाला लिहा! पण चित्रांत मी बाजी मारली. ते दुसरं कार्ड आहे ना, त्यात दोन बायका एका पातेल्यावर वाकल्यात, आणि दोघींनाही वाटतंय, मीठ आपणच घातलं."

माझ्या हातातला कप खाली आला.

"आणि एकात पाल आहे. पण लाजलेली. एकात कुणीतरी कोट काढून खुंटीला टांगलाय. माणूस निघून गेलाय, पण खांदे अजून तसेच."

मी शिकत होते तेव्हा सराव म्हणून घरच्यांनाच कार्डं दाखवायची. वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती. आधी दादाला बसवलं. त्याला प्रत्येक कार्डात शाई सांडलेली दिसली, बाकी काही नाही. "यांना बायको दाखवली तरी म्हणतील, माणूस आहे," असं म्हणत तिनं त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. मग पातेलं आलं, पाल आली, कोट आला. तिच्या मागं उभा राहून दादा तिच्या खांद्यावरून पाहत होता. एका माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग दिसू लागताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि त्या वयात मला ते फक्त गमतीचं वाटलं.

"दादा, ही तर वहिनीची उत्तरं."

"मग? कार्डं तीच, उत्तरं तीच. बदलायला कुणी सांगितलंय?"

"असं चालत नाही रे. तुला जे दिसलं ते सांगायचं असतं."

तो बशीतला सांडलेला चहा बोटानं पसरत राहिला. "हेच दिसतं. तिनं दाखवलं तेवढंच दिसतं मला. पाठ करून नाही गेलो मी, तुझी शपथ. सरांनी कार्ड ठेवलं, आणि ती मागून बोलली." मग घाईनं म्हणाला, "सांगू नकोस हं कुणाला. मला वर जायचंय. वर बरं असतं. खाली सगळीकडे तिच्या चपला आहेत."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. ते खुशीत होते, आणि सर खुशीत असणं हा दुर्मीळ योग.

"तुमच्या बंधूंनी मला चकवलं. प्रश्नावलीत माणूस अगदी कोरडा, सगळं झाकून घेणारा. तेवढंच पाहिलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण कार्डांत काय जिवंतपणा! माणसं आहेत, विनोद आहे, माया आहे. स्वतःविषयी बोलता येत नाही इतकंच; आत झरा शाबूत आहे. मी योग्य म्हणून शिफारस करतोय. तुम्ही त्यांना ओळखता, म्हणून विचारतो. खटकण्यासारखं काही?"

दोन चाचण्या जुळत नव्हत्या, आणि आम्ही शिकवतो तसेच सर तिथं थांबले होते. त्यांना झरा दिसला होता. चूक एवढीच, की तो दादाचा नव्हता. मी गप्प राहिले असते तर दादा वर गेला असता. एखाद्या दुपारी ती पुन्हा मागून बोलली असती, हात थांबला असता, आणि खाली कुणाचा तरी दादा सळया बांधत असता.

"सर," मी म्हणाले, "ते जिवंतपण त्याचं नाही. त्याच्या बायकोचं आहे. ती गेली."

सांगताना वाटलं, मी तिला दुसऱ्यांदा त्या घरातून बाहेर काढते आहे.

शिफारस बदलली. उपचार घ्यायचे, नंतर फेरतपासणी. तोवर क्रेन बंद. दादाला ते मीच सांगितलं, इमारतीच्या पायऱ्यांवर. वाटलं होतं, चिडेल, चार शिव्या घालेल. त्यानं फक्त विचारलं, "हसले का गं सर? पातेल्याला?"

"हसले."

"हसणारच." त्यानं मान हलवली. "मग दिवसभर करू काय मी?"

मी त्याचा दंड धरला. "माझ्याकडे चल. काही दिवस राहा. पोरंही विचारतात, मामा कधी येणार म्हणून."

"येईन की. पण आज नको." त्यानं दंड हळूच सोडवून घेतला आणि रस्त्याच्या कडेला लागलेल्या दिव्यांकडे पाहिलं. "अंधार पडत आला. दिवेलागणीला घराला कुलूप असलेलं तिला आवडत नाही."

आणि तो भराभर पायऱ्या उतरला, कुणीतरी खरोखरच खोळंबलं असल्यासारखा.