बॅगेच्या तळातला नेपाळचा नकाशा

मी एक जुना कागदी नकाशा आहे, नेपाळचा. मित्रांनो, माझं बोलणं थोडं चिडकं वाटलं तर सांभाळून घ्या. ज्याला रस्ता ठाऊक असतो पण तोंड नसतं, तो चिडका होतोच.

माझा जन्म काठमांडूच्या एका छापखान्यात झाला. जाड कागदावर आधी निळ्या नद्या उमटल्या, मग डोंगरांच्या तपकिरी रेषा, लाल रस्ते आणि शेवटी नावं. जिथे पेट्रोल पंप तिथे पंपाची खूण, जिथे दवाखाना तिथे क्रॉस. माझ्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. बारा वर्षांपूर्वी सेलूचे सिताराम नावाचे गृहस्थ तिकडे फिरायला आले होते. त्यांनी मला विकत घेतलं आणि घरी येऊन थोरल्या बहिणीला दिलं. ही बहीण म्हणजे लीलाबाई. त्या सेलूच्या शाळेत भूगोल शिकवतात.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. लीलाबाई मला फळ्यावर टांगायच्या आणि कालीगंडकी नदीवर बोट ठेवून म्हणायच्या, "बघा, दोन्हीकडं आठ-आठ हजार मीटरचे डोंगर आणि मधून ही नदी. मला एकदा इथं जायचंय." मुलं पुढे येऊन नदीवरून बोट फिरवायची.

मग वर्गात प्रोजेक्टरचा मोठा पडदा आला. मी कपाटात गेलो. सहा वर्षं खडूच्या खोक्याखाली दबून राहिलो. तिथे चिडण्याशिवाय दुसरं काम नव्हतं.

यंदा लीलाबाईंनी आणि त्यांचे यजमान भुजंगराव यांनी मोटारसायकलने कालीगंडकीच्या खोऱ्यातून मुक्तिनाथच्या देवळापर्यंत जायचं ठरवलं. भुजंगराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारा माणूस, पण नकाशा म्हटलं की कपाळाला आठी.

लीलाबाईंनी फरशीवर तीन नकाशे पसरले. एक होता निम्म्या आशियाचा, त्यात आमचा सगळा डोंगरी रस्ता करंगळीएवढा. दुसरा नवाकोरा, चकचकीत, जागोजागी देवळांची आणि प्राण्यांची चित्रं. तिसरा मी. त्यांनी माझ्यावर बेनी गावापासून मुक्तिनाथपर्यंतच्या वळणांवर दोरा ठेवला, मग दोरा पट्टीवर मोजला. चकचकीत नकाशावर किती सेंटिमीटरला किती किलोमीटर, हे छापलेलंच नव्हतं.

"हाच घ्यायचा," माझ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या.

"बारा वर्षांचा हाय त्यो. घडीवर फाटायलाय," भुजंगराव म्हणाले. "आन् फोनमंदी सगळं हाय की. कागदाला कोण इचारतंय आता?"

"रेंज गेली तर?"

"जातीय कशाला? आन् न्यायचाच असंल तर हा नवा घे. लय भारी दिसायलाय."

शेवटी आम्ही दोन्ही नकाशे निघालो. चकचकीत नकाशा टाकीवरच्या पिशवीच्या पारदर्शक खिशात बसला. मी मागच्या बॅगेच्या तळाशी, चिवडा आणि लोणच्याच्या बरणीखाली.

"अहो, ह्याला वर ठेवा," लीलाबाई म्हणाल्या.

"लागला तर काढू की."

नागपूर, जबलपूर, गोरखपूर झालं. सीमा ओलांडली. लोणच्याचं तेल माझ्यात झिरपत होतं. वर फोन रस्ता सांगायचा, भुजंगराव ऐकायचे. पोखराही मागे पडलं. आणि बेनीच्या पुढे दरड कोसळल्यामुळे गाड्या आडवाटेने वळवल्या होत्या, तिथे फोनची रेंज गेली. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवायचा राहिला होता.

एक फाटा आला. पाटी नाही, माणूस नाही. दोघे चकचकीत नकाशावर वाकले. नेमक्या त्या फाट्यावर याकचं चित्र छापलं होतं! दोन्ही रस्ते त्याच्या पोटाखाली.

"जुना काढू का?" लीलाबाईंनी विचारलं.

"सगळी बॅग उपसावी लागंल. पाऊस यायलाय. डावीकडचा रस्ता रुंद हाय, त्योच असंल."

मित्रांनो, कसं सांगू तुम्हाला! डावीकडची ती लाल रेषा माझ्यावर नऊ सेंटिमीटरवर संपते. पुढे फक्त नदी. मला ते स्पष्ट ठाऊक होतं आणि मी लोणच्याखाली गप्प होतो.

रस्ता संपलाच. वैतागून भुजंगराव नदीकाठच्या गोट्यांमध्ये गाडी वळवायला गेले, चाक सरकलं आणि गाडी त्यांच्या पायावर पडली. लीलाबाईंनी सगळं बळ एकवटून ती उचलली. पण घोटा टम्म सुजला होता. पाय टेकवेना. थंडी वाढत होती, अंगात हुडहुडी भरली होती.

आता बॅग उपसली गेली. चिवडा बाहेर, कपडे बाहेर, मग मी. लीलाबाईंनी मला उलगडलं. नदीपलीकडच्या गावात क्रॉस होता. दवाखाना! तिकडे जायला एक पूल, किलोमीटरभर खाली. "इथंच बसा. मी आले," म्हणत त्या धावल्या. मला वाटलं, आता तरी माझी किंमत कळेल.

पूल नव्हता. नुसते दोन खांब उभे होते.

गवत कापणारी एक बाई म्हणाली, "पुल छैन," आणि पाण्याकडे हात करून पूल वाहून गेल्याचं दाखवलं. मला फाटून जावंसं वाटलं. इतके दिवस मी इतरांवर चिडत होतो आणि माझ्याच अंगावर खोटा पूल होता. मी छापला गेलो तेव्हा तो खरा होता, पण पाण्यात उतरणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

त्या बाईने वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिकडे नवा झुलता पूल होता. लीलाबाईंनी मला गुडघ्यावर धरलं, जुना पूल पेनाने खोडला आणि नवा काढला. बाईने हाक मारून गावातले दोघे जण बोलावले. त्यांनी आळीपाळीने भुजंगरावांना पाठीवरच्या टोपलीत बसवून पलीकडे नेलं.

दवाखान्यात कळलं, घोट्याचं हाड मोडलं होतं. मुक्तिनाथ माझ्यावर तिथून अवघं वीतभर दूर होतं. तिथूनच माघार घ्यावी लागली. मोटारसायकल मागे घातलेल्या परतीच्या जीपमध्ये लीलाबाई माझ्यावरच्या कालीगंडकीकडे बघत होत्या.

घरी वालूरहून भुजंगरावांचे भाऊ महारुद्र भेटायला आले. प्लास्टर न्याहाळत भुजंगराव म्हणाले, "काय सांगू, तिकडं पाट्याच न्हाईत रस्त्याला."

लीलाबाईंनी चहाचा ट्रे आदळला. "पाटी नव्हती, पण नकाशा होता. तुमी काढू दिला नाही. बारा वर्षं वाट बघितली मी त्या डोंगरांमधल्या नदीची."

महारुद्रांनी घाईघाईने चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंगरावांनी मला मागून घेतलं. घड्या उलगडून दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाले, "लीला, ह्या तपकिरी रेषा कशाच्या गं? जवळजवळ आल्या म्हंजे काय?"

"चढ लय हाय म्हणून समजायचं," लीलाबाई म्हणाल्या. "आन् आधी सरळ धरा. उलटा धरलाय तुमी."

मित्रांनो, मला जपायचं म्हणजे कपाटात ठेवायचं असं नाही. निघण्याच्या आधी मला उलगडा, हाताशी ठेवा, आणि माझं चुकलं असेल तिथे बेलाशक पेन चालवा. मी रागावणार नाही. भुजंगरावांनी परवा माझ्यावर चहाची बशी ठेवली, तेव्हा मात्र रागावलो होतो. पण मग त्यांनी ती स्वतःहून उचलली आणि बशीखालच्या रस्त्याचं नाव वाचलं, मोठ्याने.