सोबत वैद्यकीय दाखला जोडला आहे

माझ्या वडिलांनी बत्तीस वर्षं कलेक्टर कचेरीत काढली. त्यामुळे लहानपणापासून माझी एक ठाम समजूत होती, की जगातल्या कुठल्याही साहेबाला अर्ज करता येतो आणि अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडला की साहेबाला मान हलवावीच लागते. रजा संपून पंधरा दिवस झाले? दाखला जोडा. परीक्षा चुकली? दाखला जोडा. हेच शहाणपण घेऊन मी लग्नानंतर दोहाला आले आणि तिथल्या नजमा वस्तीतल्या शेजारणीच्या आयुष्याची माती केली.

सलमा आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहायची. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नवरा अदनान एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा. दोघंही पॅलेस्टिनी. अदनानचं गाव अठ्ठेचाळीस साली इस्रायल झालं तेव्हाच गेलेलं, त्याच्याजवळ नुसता प्रवासाचा कागद. सलमाचं गाव मात्र जागेवर होतं, नाबलुसच्या पुढे डोंगरात. फक्त सदुसष्टच्या लढाईपासून त्यावर इस्रायली लष्कराचा अंमल होता. बाहेरदेशी नोकरीला जायचं तर लष्कराचा परवाना लागे, तोही तीन वर्षांचा. त्या मुदतीत जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडून परत गेलात तर तुम्ही गावचे, नाही गेलात तर दप्तरातून नाव कमी.

"नाव कमी म्हणजे काय?" मी तिला विचारलं होतं. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले.

"म्हणजे मी तिथली नाही, मालफिका." मालविकातला 'वि' तिला कधीच जमला नाही.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये तिला आठवा संपत आला होता आणि परवाना वीस मेला संपत होता. तिनं सामान बांधायला घेतलं. बाळंतपण आईवडिलांकडेच करणार, म्हणाली. मूल तिथे जन्मलं की तिथल्या दप्तरी लागेल, त्याला ओळखपत्राचा नंबर मिळेल. अदनानकडून पोराला काही मिळणार नव्हतं. जे काही होतं ते सलमाच्या नावावर.

मला त्यातलं 'आईवडिलांकडे' एवढंच ऐकू आलं. म्हणजे माहेरचं बाळंतपण! त्या हौसेनं माझं काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. एकोणऐंशी साली आठव्या महिन्यात मी दोहाहून मुंबई आणि मुंबईहून एसटीनं नाशिक अशी माहेरी गेले होते. मुलगा झाला, पण रडला नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी दुसरीच्या वाटीतलं ताक फुंकायला गेले.

सलमाचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली, "प्रवास टाळता आला तर टाळा." मी सोबत होते. 'टाळता आला तर' हे शब्द मी तिथेच खुर्चीवर ठेवले आणि 'टाळा' तेवढं घरी घेऊन आले. आठ दिवस तिच्या आणि अदनानच्या मागे लागले. माझ्या मुलाची गोष्ट तिला सांगितली, रडून सांगितली. ती ऐकून बांधलेली बॅग अदनाननं सोडली.

"आणि परवाना?" सलमानं विचारलं.

"अगं, बाळंतपण हे काय कारण नाही का? दाखला जोडू. कुठलाही साहेब माणूसच असतो."

माझ्या नवऱ्यानं, श्यामनं, मला आत बोलावून घेतलं. "मालविका, ते लष्कर आहे. पुण्याची म्युनिसिपालिटी नाही."

"लष्करातल्यांना काय बायकापोरं नसतात?" मी म्हटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ते उगाच नाही.

बावीस एप्रिलला मैमुना झाली. गोरीपान, आणि रडली तर अशी, की खालचा दुकानदार वर बघू लागला. पंधराव्या दिवशी सलमा म्हणाली, आता निघते. पोरगी अजून पिवळट दिसत होती. मी तिला सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो ते सुनावलं. त्यांच्यातही बायका चाळीस दिवस पाळतात, त्यामुळे तिला नाही म्हणता येईना. मी डिंकाचे लाडू केले. श्यामच्या ऑफिसातून अर्ज टाइप करून आणला, डॉक्टरणीची सही, इस्पितळाचा गोल शिक्का, दोन प्रती. काय सुरेख अर्ज होता! वडिलांना पाठवून दाखवावा असा.

वीस मेला सलमा सकाळपासून स्वयंपाकघरात खाली बसून होती. जेवलीही नाही. मैमुना रडली की पदराखाली घ्यायची, एवढंच. मला तिचा राग आला. म्हटलं, किती हा बाऊ.

एक जूनला ती, अदनान आणि बाळ अम्मानवरून पुलावर पोचले. चौथ्या दिवशी परत आले.

पुलावर विशीतली एक मुलगी होती, गणवेशात. तिनं अर्ज पूर्ण वाचला. शिक्का बोटानं चाचपला. बाळाकडे बघून अभिनंदन केलं. मग म्हणाली, परवाना संपून बारा दिवस झाले. सलमानं दाखल्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, हो, वाचलं मी. यापुढे जे काही असेल त्यासाठी आत राहणाऱ्या नातेवाइकानं अर्ज करावा. आणि दोन्ही प्रती नीट घडी करून परत दिल्या.

"ती ओरडली असती तर बरं झालं असतं," सलमा मला म्हणाली. तेवढंच.

आत राहणारे म्हणजे तिचे वडील. आई पुढल्याच वर्षी गेली, लेकीला न बघता. वडील अर्ज करत राहिले. लेक इथलीच आहे, इथेच जन्मली, दाराला अजून तिनं लहानपणी खिळ्यानं ओढलेल्या रेघा आहेत, असलं सगळं ते त्यात लिहीत म्हणे. उत्तर एका ओळीचं यायचं आणि त्यात कारण नसायचं. सलमानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. ईदला ताट पाठवायची, दिवाळीला माझं घ्यायची. तो न दिलेला दोष मी चार वर्षं उशाशी घेऊन झोपले.

सत्त्याऐंशीच्या वसंतात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्यावर परवानगी आली: भेटीसाठी, तीस दिवस. फक्त सलमाला. मैमुना कुठल्याच दप्तरात नव्हती, म्हणून तिला नाही. आजोबांनी नात फोटोतच बघायची. सलमानं सही केली, की मी पाहुणी आहे आणि तीस दिवसांत निघून जाईन. जिथे जन्मली त्या घरात पाहुणी! माझ्यासमोर सही केली.

अदनान दिवसभर कामावर, म्हणून मैमुना माझ्याकडे राहिली. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले. तिची वेणी घालताना माझ्या मनात काय काय यायचं ते सांगायची लाज वाटते.

दहाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात सलमा.

"इतक्या लवकर? अजून वीस दिवस होते ना!"

तिनं मैमुनाला पोटाशी धरलं, मग खाली बसली. "बाबा भिंत धरून उठले आणि माझ्यासाठी कॉफी करायला लागले," ती म्हणाली. "मी म्हटलं, मी करते. म्हणाले, छे, तू बस. भावजयीनं मला बैठकीत अंथरूण घातलं. माझ्या खोलीत तिची मुलं झोपतात. म्हणाली, थोड्या दिवसांसाठी त्यांना कशाला हलवायचं? भांडी घासायला बसले तर हातातून काढून घेतली. कुणी वाईट वागलं नाही, मालफिका. फार चांगले वागले सगळे. लष्करानं कागदावर पाहुणी लिहिलं होतं, घरच्यांनी तसं वागवलं. मला सोसलं नाही. मी निघून आले. आजारी बापाला सोडून आले."

मला राहवलं नाही. चार वर्षं दाबलेलं एकदम बाहेर पडलं. "माझ्यामुळे झालं हे. मी अडवलं तुला. मला माफ कर सलमा."

तिला रागावलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"नाही करणार," ती म्हणाली. "बाईनं बाळंतपणासाठी बारा दिवस उशीर केला, हा गुन्हा आहे? सांग ना. तुझ्या देशात याच्यासाठी कुणाचं घर काढून घेतात?"

"नाही."

"मग तू कशाला माफी मागतेस? तुला माफ केलं की हे मिटलं. दोन शेजारणींचं बिनसलं होतं, आता गोड झालं. आणि ते तिकडे हात झटकून मोकळे. मी मिटवू देणार नाही."

मैमुनाची पिशवी उचलून, तिला चालवत ती समोरच्या दारात गेली. मी तिला कॉफी विचारायलासुद्धा धजले नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी माफी मिळायला हवी होती असं आजही वाटतं. निदान माझ्यापुरती.