लाइन मोकळी ठेवा

मी वहाबभाऊ टेलरचा मोबाइल बोलून राह्यलो. जल्दी जल्दी बोलतो, लाइन अडवून चालत नाई.

मी चंद्रपूरच्या दुकानातला, एकदम चमकेला पोरगा! आलो ब्रह्मपुरीले, शिलाई मशीनच्या बाजूले. भाऊची पोरगी शगुफ्ता युक्रेनले डॉक्टरकी शिकाले निघाली, तवा तिनंच मले घेतलं. म्हणाली, "अब्बू, एक रिंग देऊन कापला म्हणजे मी बरी. उचलाचा नाई." नागपूरच्या होस्टेलपासूनची सवय तिची. रोज सकाळी मी एकदाच वाजाचो, अन् मंग भाऊची मशीन सुरू व्हायची.

मंग तिकडे रशियाची फौज घुसली. शगुफ्ता तळघरातून बोलली, "अब्बू, आपला आरमोरीचा पूल आहे नं, तसाच पूल आहे इथी. या भागाच्या बचावाची सगळी फळी त्याच्यावर उभी होती. सकाळी पाह्यलं तं इथली युक्रेनची फौज पूल सोडून गेली. नाक्यावर कोणीच नाई. चौकात रशियाचे रणगाडे येऊन राह्यले."

"तू निघ नं, बेटा!"

"कुठून निघू? चार्जिंगबी संपून राह्यली. आता फक्त रिंग देईन."

झालं! गावात खबर पसरली अन् मी तापलोच. ज्याचा त्याचा फोन, "काही समजलं का?" माणसं वाईट नाई हो, जीव लावणारीच. पण भाऊले कोणाचा फोन कापणं म्हणजे बेअदबी वाटते.

भागीरथाबाई ब्लाउज न्यायले आल्या, त्या खेकसल्या, "ठेवा नं तो फोन, भाऊ! पोरीचा आला तं कुठून घुसंन?"

"नदीम आहे, बाई. मेहुणा. कापू कसा?"

तेवढ्यात भाऊच्या कानात मी टुक् केलं. परदेशी नंबर. एकदाच. बंद.

आता तुम्हीच सांगा, शगुफ्तानं कापला, का लाइन बिझी म्हणून कटला?

भाऊनं त्या नंबरले लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"एकच होती नं, बाई? तुम्ही आयकली नं?"

फोन भाऊच्या कानाले होता, बाईले काय आयकू येणार? तरी त्या म्हणाल्या, "एकच होती, भाऊ."

तवापासून मी चार्जरले बांधेला आहो. मशीन बंद आहे. ब्लाउजची एक बाही लावाची राह्यली, बाई मागत नाई.

तुमच्याजवळ माहा नंबर असंन तं हात जोडतो, हालचाल विचाराले लावू नका. दुकानात या, भाऊजवळ बसा. मले फक्त एकदा वाजाचं आहे.