पुरुषांनाच ओळखणारा दिवा

घानातल्या तमाले शहरातल्या अध्यापक महाविद्यालयाच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. स्वतःला डॉक्टर प्रोफेसर म्हणवणाऱ्या झकारीच्या पेटीवर दोन पितळी मुठी होत्या आणि मध्ये तांबडा दिवा. पुरुष विद्यार्थ्याने मुठी धरल्या की दिवा लागायचा. बाईने धरल्या की ढिम्म!

"मेंदूची वीज, बंधूंनो! निसर्गाने कोणाला दिली, बघा! बहिणींनो, रडू नका, तुम्हाला स्वयंपाक दिलाय!"

प्राचार्य नापारी मान डोलवत होते. पुढे शाळेत विज्ञान शिकवणार असलेल्या विद्यार्थ्यांची यादी त्यांच्या हातात होती. दिवा न लागलेल्यांची नावं ते खोडत होते. वुनपिनीचंही खोडलं. भौतिकशास्त्रात पहिली आलेली पोरगी आता शिवणकाम शिकवणार होती.

ती रडली नाही, बघत राहिली. पुरुषांनी आधी 'मंतरलेल्या' पाण्यात हात बुडवायचे. बायकांना ते पाणी वर्ज्य. त्यांनी मातेचा मान म्हणून तळहातांना शिया झाडाच्या बियांचं तुपकट लोणी चोळायचं. तेवढ्यात एक शेळी पाण्याच्या भांड्याशी आली. हाकलली तरी हटेना, मिटक्या मारत चाटतच राहिली.

मंत्राची एवढी हाव? वुनपिनीने पुढे होऊन बोट बुडवलं, जिभेला लावलं. खारट!

"अगं, बाटवलंस पाणी!" झकारी ओरडला.

"प्रोफेसर, मीठ जरा जास्तच पडलंय." तिने साबणाने लोणी धुतलं, हात त्याच पाण्यात बुडवले, मुठी धरल्या. दिवा लख्ख लागला.

"योगायोग!"

"बरं. सर, तुमचे हात द्या." तिने प्राचार्यांचे तळहात पुसून लोण्याने माखले. नापारींनी मुठी धरल्या, आवळल्या. दिवा ढिम्म.

"सर, सुईदोरा आणू का?" मागून आवाज आला. हशा पिकला.

"खारट, ओल्या कातडीतून वीज सहज जाते," वुनपिनी म्हणाली. "लोणी तिला अडवतं. मेंदूचा इथे संबंधच नाही."

झकारीने पेटी उचलून काढता पाय घेतला. नापारी हात पुसत पुटपुटले, "पण माझ्या तासालासुद्धा प्रयोग मुलांनाच जमतात."

"कारण तारा तुम्ही त्यांच्या हातात देता, सर. आम्हाला देता वही, आणि शेवटी धुवायला काचनळ्या."

नापारींनी यादी फाडली आणि परीक्षेचे गुण मागवले.

वुनपिनी सोबत्यांकडे वळली. "उद्या आपण शिक्षक म्हणून वर्गात उभे राहू. मुली मागे पडलेल्या दिसल्या, तर त्यांच्या डोक्यात काय कमी आहे ते शोधू नका. तारा त्यांच्या हातात दिल्या होत्या का, ते आधी बघा."