डावा मागचा खांदा

इटलीतल्या टेकडीवरच्या रोक्कामोरा गावात सत्तावीस वर्षं काढून, इथल्याच मुलीशी लग्न करून, सासऱ्याच्या बुरुजाच्या घराचं पाच खोल्यांचं हॉटेल करूनही एर्मेते अजून ‘खालचा’च होता. खालचा म्हणजे टेकडीच्या पायथ्याच्या पियाना गावचा. अंतर चार किलोमीटर. पण अंतर मोजायची रोक्कामोराची रीत वेगळी. ऑस्ट्रेलियात जन्मलेला कुणाचा तरी पणतू सुट्टीला आला, की तो पहिल्या दिवसापासून ‘आपला’. आणि एर्मेते, ज्याच्या हातची कॉफी अर्धं गाव रोज सकाळी हक्काने पीत होतं, तो खालचा.

त्यात तो उंच. सपाटीवरची माणसं उंचच असतात. धान्य खाली पिकतं आणि वर चढेपर्यंत निम्मं संपतं, म्हणून वरची माणसं बुटकी राहिली, असं पियानाचं म्हणणं. देवाने माणूस आमच्याच मापाचा केला होता, खालच्यांनी परस्पर वाढवून घेतला, असं रोक्कामोराचं. इथली दारंही त्याच मापाची असल्यामुळे एर्मेतेच्या कपाळावर लग्नापासून एक कायमचं टेंगूळ होतं.

अशा माणसाला यंदा संत मोरिनोच्या पालखीला खांदा द्यायला मिळाला होता.

मयताला कुणीही खांदा देतो. रोक्कामोरात संताला खांदा द्यायचा तर आधी कुणीतरी मरावं लागतं. चार खांदे, चार घराणी, बापाकडून मुलाकडे. डावा मागचा खांदा एर्मेतेच्या सासऱ्याचा, मग मेहुण्याचा. यंदा ऐन मे महिन्यात मेहुण्याच्या पाठीचा मणका सरकला. त्याला मूलबाळ नाही. खाटीक गुस्तावो वीस वर्षं राखीव म्हणून पालखीमागे टोपी सरळ करत चालत आला होता, त्याचा नंबर लागल्यातच जमा होता. पण एर्मेतेची बायको योलांदा भर दुपारी त्याच्याच दुकानात उभी राहिली आणि पालखीचा म्होरक्या क्विंटोमिस्त्री मांस घ्यायला आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, “खांदा आमच्या घरचा आहे. घरात पुरुष आहे. मग अडलंय कुठे?”

“पुरुष आहे गं,” क्विंटो म्हणाला, “पण खालचा आहे.”

“सत्तावीस वर्षं माझ्या शेजारी झोपतोय, मिस्त्री. तो कुठला आहे ते मला विचारा.”

दुकानात हशा पिकला आणि क्विंटोचा नाइलाज झाला. घरी येऊन योलांदाने बातमी सांगितली तेव्हा एर्मेते पाहुण्यांच्या चादरी घडी करत होता. तो चादर हातात घेऊन तसाच पलंगावर बसला आणि चक्क रडला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने खांद्यासाठी रडावं हे योलांदाला हास्यास्पद वाटलं, आणि त्याच्या शेजारी बसून तीही रडली.

नियम त्याला पाठ होते. संत मोरिनो गारांपासून द्राक्षं राखतो. तो वर्षातून एकदा चर्चमधून निघून वेशीपर्यंत जातो आणि खालच्या मळ्यांवर नजर टाकतो. वाटेत तो खांद्यावरून उतरत नाही. मागे तर एक पाऊलही जात नाही. पणजोबांच्या काळात एका वर्षी पावसाची सर आली म्हणून पालखी दोन पावलं मागे आडोशाला घेतली, तर त्याच आठवड्यात अंड्याएवढ्या गारा पडल्या आणि गावाने वर्षभर पियानाची दारू प्यायली. गारांपेक्षा हे दुसरं दुःख मोठं मानलं जातं. आणि शेवटचा नियम: वाटेत जो पालखीखालून बाहेर पडला, तो पुन्हा जन्मात तिच्याखाली शिरत नाही.

मिरवणुकीच्या दिवशी हॉटेलच्या पाचही खोल्या भरल्या होत्या. सगळ्यात मोठी खोली पहिल्या मजल्यावरची, गल्लीवर नवीन लोखंडी बाल्कनी असलेली. ती हॉलंडच्या एका जोडप्याने घेतली होती. नवरा विलेम पूल बांधणारा इंजिनियर. बायको मार्येके, जी दिसेल ते वहीत लिहून घेई. दोघेही इटालियन शिकून आलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे काही लपवायची सोय नव्हती.

बाल्कनी हे एर्मेतेचं लेकरू होतं. गल्ली अरुंद, बाल्कनी पार मध्यापर्यंत आलेली, आणि तिच्याखालून वर्षातून एकदा संत जाणार. परवानगी देताना कचेरीतल्या साहेबांनी तिच्या रंगावर तीन वर्षं घोळ घातला. ती तीन वर्षं एर्मेतेने वाया घालवली नाहीत. दर मिरवणुकीला तो खिडकीत बांबू घेऊन उभा राहिला आणि संताच्या डोक्यामागची प्रभावळ कुठवर येते त्याची खूण करत गेला. तिन्ही खुणा एकावर एक पडल्या. मग त्याने वर चार बोटं सोडून बाल्कनी बसवून घेतली. गेल्या वर्षी संत खालून अलगद गेला होता.

यंदा चर्चमधून पालखी उठली तेव्हा क्विंटो पुढून म्हणाला, “जावईबापू, जरा बेताने! संताला स्वर्गात परत पाठवायचा नाहीये.”

अक्रोडाच्या लाकडाचा संत डाव्या बाजूने मागून वर उचलला गेला होता आणि गावाकडे जरा उर्मटपणे बघत होता. एर्मेतेने गुडघे वाकवून बघितले, पण ओझ्याखाली अर्धवट वाकून माणसाला चालता येत नाही. तो ताठ झाला. त्याला समोरच्याच्या मानेशिवाय काही दिसत नव्हतं, दांडा खांद्यात रुतत होता, बँड बेसूर वाजत होता आणि तो इतका सुखात होता की त्याला कुणी नाव विचारलं असतं तर क्षणभर आठवलं नसतं.

मग वरून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि पालखी थांबली.

बँड एकेक वाद्य करत गप्प झाला. एर्मेतेने मान वाकडी करून वर बघितलं. वर त्याची बाल्कनी होती. तिच्या कडेला संताची प्रभावळ टेकली होती, आणि कठड्यावरून विलेम, मार्येके आणि योलांदा अशी तीन डोकी खाली वाकली होती.

एर्मेतेच्या तोंडचं पाणी पळालं. माप चुकलं कसं? बांबू, तीन वर्षं, चार बोटं, सगळं त्याने मनात पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं. त्याने गावाचे खांदे मोजले होते. स्वतःचा धरला नव्हता, कारण तो कधी त्या दांड्याखाली येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा त्याला हसू आलं.

“एक पाऊल मागे घ्या,” वरून विलेम शांतपणे म्हणाला, “मग पुढून थोडं उचला.”

गल्लीत असा सन्नाटा पसरला, जणू त्याने संताला शिवी दिली होती. एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. “कुणीतरी त्या माणसाला आत घ्या,” पाद्रीबाबा म्हणाले.

“अहो, पाहुणे आहेत ते!” योलांदा ओरडली.

“मग त्यांना गोड काहीतरी खायला दे आणि गप्प बसव!”

पण विलेमला आता विषय सापडला होता. प्रभावळ काढून घ्या, तो म्हणाला. गेल्या भूकंपानंतर ती खिळ्यांनी ठोकली आहे, असं खालून उत्तर गेलं. मग चौघेही खाली बसा, तो म्हणाला. त्यावर क्विंटो जो उसळला, त्याने संत डावीउजवीकडे हलला. “चौघांनी बसायचं? म्हणजे संत मोरिनोने हॉटेलपुढे गुडघे टेकायचे? उद्या म्हणाल, त्याला खोलीही दाखवा!”

“बाल्कनी कापू,” लोहाराने सुचवलं. “करवत आणतो. संध्याकाळपर्यंत होईल.”

“तू फक्त हात लावून बघ,” योलांदा वरून म्हणाली. लोहार मग करवत आणायला गेला नाही.

“आम्ही तिघे आत गेलो तर वजन कमी होऊन बाल्कनी दोन मिलिमीटर वर येईल,” विलेम म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणं त्याचं चालूच होतं.

ओझ्याने चौघांचे पाय थरथरायला लागले होते. शेवटी क्विंटो मान न वळवता म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, “एर्मेते, तुझी चूक नाही. उंची काही कुणाच्या हातात नसते. पण बाहेर ये. गुस्तावोला आत येऊ दे.”

गुस्तावो टोपी काढून तयारच होता. सत्तावीस वर्षांत क्विंटोने पहिल्यांदाच एर्मेतेला नावाने हाक मारली होती, आणि तीही बाहेर काढायला. त्याला रडूच कोसळेल असं वाटलं. बाहेर पडायचं म्हणजे कायमचं. वर योलांदा कठड्यावरून आणखी खाली वाकली होती.

त्याच वेळी त्याला हॉटेलच्या खालच्या मजल्याची फरशी आठवली. ती त्याने आणि क्विंटोने मिळून बसवली होती. तो गुडघ्यांवर, क्विंटो उभा राहून दोरी धरणारा, आणि दर वेळी मागे सरकताना त्याचं डोकं क्विंटोच्या खांद्यावर आपटायचं आणि क्विंटो शिव्या द्यायचा. म्हणजे एर्मेते गुडघ्यांवर बसला, की त्याचं डोकं बरोबर रोक्कामोराच्या खांद्याएवढं होतं.

“गुस्तावो,” तो म्हणाला, “तुझी टोपी दे.”

“टोपी?”

“माझ्या डोक्यावर ठेव. घडी करून.”

टोपीवर दांडा घेऊन, दोन्ही हातांनी तो धरून, एर्मेते आधी एका गुडघ्यावर आणि मग दुसऱ्या गुडघ्यावर आला. संत चार बोटांहून थोडा जास्तच खाली आला आणि चक्क सरळ झाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा नम्र दिसत होता.

“हे चालतं का?” क्विंटोने पाद्रीबाबांना विचारलं. “खांदा सोडलाय त्याने.”

पाद्रीबाबांना भूक लागली होती. “डोकं खांद्यावरच असतं ना?” ते म्हणाले. “मग खांदाच झाला. चला!”

अकरा पावलं होती ती, म्हणजे इतर तिघांची. एर्मेते ती गुडघ्यांनी चालला. गल्लीचे दगड सातशे वर्षांचे असतील, पण गुडघ्याखाली ते काल फोडल्यासारखे वाटतात. चौथ्या पावलाला उजव्या गुडघ्याची विजार फाटली, सहाव्याला डाव्या. क्विंटो पुढून “एक... एक... एक...” असं म्हणत होता, कारण दोन म्हणायचा धीर कुणालाच नव्हता. प्रभावळ बाल्कनीखालून गेली तेव्हा वरून योलांदाने खाली बसून, कठड्याच्या गजांतून हात घालून संताच्या डोक्यावरची धूळ पुसली. दोन-तीन बायकांनी हुंदके दिले. बँडला काय वाजवावं कळेना, म्हणून त्याने लग्नातलं वाजवलं.

बाल्कनी मागे पडल्यावर एर्मेते उठला, दांडा खांद्यावर घेतला आणि वेशीपर्यंत संत पुन्हा उर्मटपणे बघत गेला. मळ्यांवर नजर टाकून झाली. परतीची वाट वरच्या रुंद रस्त्याने असते, त्यामुळे आणखी काही घडलं नाही.

दुपारचं जेवण हॉटेलच्या अंगणात होतं. लांब बाकं, अख्ख्या भाजलेल्या डुकराची पोर्केत्ता, मसुराची आमटी, दारूचे घडे. एर्मेतेच्या दोन्ही गुडघ्यांवर योलांदाने फडकी बांधली होती. क्विंटो समोरच बसला होता, पण सकाळच्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढत नव्हता. कुणीच काढत नव्हतं. तो लाजिरवाणा म्हणावा की थोर, हे अजून ठरायचं होतं, आणि रोक्कामोरात असं ठरायला वेळ लागतो.

तेवढ्यात मार्येके वही उघडून क्विंटोच्या शेजारी येऊन बसली. “एक विचारू? तो मागचा माणूस गुडघ्यांवर का चालला?”

बाकावरचं बोलणं थांबलं. घरात काहीही होवो, परक्यापुढे हसं होऊ द्यायचं नाही, हे या गावात मूल चालण्याआधी शिकतं. क्विंटोने तोंड पुसलं.

“जुनी चाल आहे, बाईसाहेब,” तो म्हणाला. “प्लेगच्या सालापासूनची. डावा मागचा खांदा तिथे गुडघ्यांवर जातो. गावाच्या वतीने क्षमा मागायला.”

“आणि संत डोक्यावर घ्यायचा?”

“तेच तर मुख्य.”

मार्येके भराभर लिहायला लागली. विलेम मात्र मान हलवत होता. “माफ करा, पण प्रभावळ बाल्कनीला अडकली होती. आणि बाल्कनी तर नवी आहे. मी जोड बघितलेत, दोन वर्षांपलीकडची नाही.” तो एर्मेतेकडे वळला. “हॉटेल तुमचं आहे. तुम्ही खरं सांगा.”

सगळं बाक एर्मेतेकडे बघायला लागलं. खरं त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगितलं असतं तर त्याची अक्कलही दिसली असती. बांबू, खुणा, चार बोटं, आणि शेवटी डोक्यात आलेली युक्ती. क्विंटो पेल्यात बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“बाल्कनी नवी आहे,” एर्मेते म्हणाला. “पण तिच्या जागी पूर्वी दगडी सज्जा होता. तोही एवढाच खाली. चौदाशे अठ्ठावन्नच्या भूकंपात पडला. मधल्या काळात उगाच गुडघ्यांवर जावं लागायचं, म्हणून चाल मोडायला आली होती. मी बाल्कनी बसवली ती त्यासाठीच.”

विलेमने थोडा विचार केला आणि “असं होय,” म्हणून पोर्केत्ता वाढून घेतली. मार्येकेने सालाखाली दोन रेघा ओढल्या. पलीकडे गुस्तावो आपल्या शेजाऱ्याला हळूच सांगत होता की आपल्या आजोबांकडून त्यानेही त्या सज्ज्याबद्दल ऐकलं होतं.

क्विंटोने घडा उचलला, आधी एर्मेतेचा पेला भरला, नंतर स्वतःचा.

“बघा,” तो विलेमला म्हणाला, “गावच्या माणसाला विचारलं, की सगळं नीट कळतं.”

एर्मेतेने मान खाली घालून आमटीत पाव बुडवला आणि मोठा घास तोंडात कोंबला.