ढगांसाठी टांगलेला पडदा

मित्रांनो, मी चौकातला एक जुना पडदा आहे. काचेचा, बोट लावले की रस्ते दाखवणारा. काच होण्याआधी मी वाळू होतो आणि समुद्र मला विचारल्याशिवाय भरती आणत नसे. पटत नसेल तर समुद्राला विचारा.

मला इथे बसवणारा मिस्त्री ताडमाड उंच. त्याने मला स्वतःच्या डोळ्यांसमोर ठोकले आणि शीळ घालत गेला. माणसे टाचा उंचावून दमली. कबुतरे तेवढी माझ्यावर बसून हवामान बघत आणि आपापसांत वाद घालत.

समोरच्या तळमजल्यावर चाकाच्या खुर्चीतल्या आत्या भावजयीबरोबर राहत. त्यांची थोरली बहीण तळ्यापलीकडे. तिला काठी टेकत तळ्याच्या बागेपर्यंतच येता येई. दोघींचे फोनवर रोज भांडण, भेट मात्र कधीची नाही. बागेपर्यंत खुर्ची जाईल असा रस्ता आत्यांना हवा होता. तो विचारायला त्या माझ्याकडे आल्या, तर हातच पोचेना.

मिस्त्री माझी धूळ पुसायला आला, तेव्हा त्यांनी त्याला गाठले.

“काय रे उंटा, हे ढगांना दाखवायला टांगलंस?”

“आत्या, उंची बरोबर आहे.”

“कुणाच्या मापानं? बस माझ्या खुर्चीत, लाव बोट!”

भावजयीच्या आधाराने आत्या बाकावर सरकल्या. मिस्त्री खुर्चीत बसला, हात ताणला, बोट काही पोचेना. चौकात हशा पिकला. संध्याकाळच्या आत मी कमरेच्या उंचीवर खाली आलो.

आणि मी दाखवला तो सगळ्यांत जवळचा रस्ता, पायऱ्यांनी भरलेला!

“अरे काचोबा, उडत जाऊ का?” आत्या म्हणाल्या.

मी लाजून इतका लाल झालो, की सिग्नल समजून दोन गाड्या थांबल्या.

मग आत्या, भावजय आणि मिस्त्री असे तिघे गल्लीबोळ हिंडले. खुर्ची अडली ती प्रत्येक जागा मिस्त्रीने माझ्या नकाशात घातली, आणि आत्यांचा आवाजही माझ्यात भरला: “इकडून नको, पायऱ्या आहेत. बेकरीमागून वळ, बाळा.” आता वाचता न येणाऱ्यालाही वाट सापडते, आणि ‘बाळा’ ऐकून मोठमोठे साहेबसुद्धा निमूट वळतात.

रविवारी आत्या त्याच वाटेने बागेत पोचल्या. दोघी बहिणी अशा भांडल्या, की मला इथे चौकात ऐकू आले. मग हातात हात घेऊन गप्प बसल्या, तेही मला ऐकू आले.

मित्रांनो, मला पुसा, न पुसा. चरे पडले तरी मी कुरकुरत नाही. पण चार लोकांसाठी काही बसवाल, तेव्हा आधी खुर्चीत बसून हात पुढे करून बघा. खाली आल्यापासून मला तुमचे चेहरे दिसतात. वर होतो तेव्हा नुसती टकले दिसायची.